जपून ठेविलेला प्रश्न

कामें अपुरीं राहतात तीं नेहमींच आळसामुळें राहतात असें नाहीं. पुष्कळदां तीं योग्य वेळीं दृष्टीस पडत नाहींत म्हणून राहतात. यास्तव मनुष्य याद्या करितो. परंतु याद्या वाढल्या म्हणजे नवीच अडचण उभी राहते. एकच काम चार याद्यांत लिहावें लागतें, आणि एकींतून तें खोडलें तरी उरलेल्या तिहींत तसेंच राहतें.

या अडचणीवरील उपाय आपल्या भागांतील शेतकऱ्यास ठाऊक आहे. आपल्या गांवाचें नांव धारण करणाऱ्या देवणी गाईचे तीन प्रकार प्रसिद्ध आहेत : पांढऱ्या अंगाची व काळ्या तोंडाची ती वानेरा, सर्वांगीं पांढरी ती बालंक्या, आणि अंगावर काळे ठिपके असलेली ती शेवरा. परंतु त्यांच्यासाठीं कोणी तीन गोठे बांधीत नाहीं. गोठा एकच असतो. 'वानेरा कोणत्या?' असें विचारलें कीं एक गट डोळ्यांपुढें येतो, 'दुभत्या कोणत्या?' असें विचारलें कीं दुसरा. एकच गाय दोन्ही उत्तरांत येते, आणि तिला दाव्यावरून सोडावें लागत नाहीं.

संगणकावर कामांची व्यवस्था ठेवणाऱ्या प्रणालींत हीच युक्ति योजिलेली आहे. २००२ सालीं निघालेली जिरा किंवा २००६ सालीं निघालेली रेडमाइन घ्या. प्रत्येक काम एकदांच नोंदावयाचें. त्यापुढें करणाराचें नांव, मुदत व स्थिति लिहावयाची. मग 'या आठवड्यांत मुदत संपणारीं माझीं अपुरीं कामें कोणतीं?' असा शोध एकदां तयार करून, त्यास नांव देऊन जपून ठेवितां येतो. येथें जपला जातो तो प्रश्न, उत्तर नव्हे. उत्तर दर वेळीं नव्यानें निघतें. म्हणून पुरें झालेलें काम त्यांतून आपोआप गळतें व नवें त्यांत येतें. शाळेच्या स्नेहसंमेलनाचीं कामें अशीं मांडलीं, तर नाटकाच्या प्रमुखास तालमीचीं, हिशेबनिसास खर्चाचीं व मुख्याध्यापकांस मुदत टळलेलीं कामें एकाच नोंदींतून दिसतील.

तथापि या सोयींत एक धोका आहे. जितकें विचारावें तितकेंच उत्तर मिळतें. दहा जणांनीं आपापलीं कामें विचारलीं, तर दहा याद्या निघतील. परंतु ज्या कामापुढें कोणाचेंच नांव नाहीं, तें एकींतही येणार नाहीं. दहाही जण आपली यादी संपली म्हणून समाधान मानतील, आणि पाहुण्यांच्या पिण्याच्या पाण्याची सोय मात्र कोणीच केलेली नसेल. ज्या जनावराच्या कानांत बारा अंकी बिल्ला नाहीं, तें बिल्ल्यांच्या यादींत शोधून सांपडावयाचें नाहीं. आणि लाळ्या-खुरकूत रोग कांहीं बिल्ला पाहून येत नाहीं.

म्हणून आमचें मत असें कीं, 'माझीं कामें' या प्रश्नाच्याही आधीं 'कोणाच्याच नांवावर नसलेलीं व मुदत न ठरलेलीं कामें कोणतीं?' हा प्रश्न जपून ठेवावा. तो सर्वांस दिसावा, आणि दर सोमवारीं तो वाचण्याचें काम एका नेमलेल्या माणसाकडे असावें. कोणी म्हणतील कीं एवढ्या खटाटोपाची गरज काय, एक वही पुरे. पांच कामें असतील तर खरोखरच पुरे. कोणी याच्या उलट चाळीस शोध जपून ठेवितात. मग त्या शोधांचाच शोध करावा लागतो. चार नेमके प्रश्न बहुधा पुरतात.

नव्याण्णव मेंढरें रानांत ठेवून हरवलेल्या एकाच्या शोधास निघालेल्या मेंढपाळाचा दृष्टांत आपण प्रार्थनेच्या वेळीं ऐकतों. परंतु एक मेंढरूं कमी आहे हें त्यास कळलें कसें? त्यानें समोर दिसणाऱ्यांवर समाधान न मानतां सगळा कळप मोजला म्हणून. विद्यार्थिमित्रहो, यंत्र आपल्या प्रश्नाचें उत्तर क्षणांत देईल. परंतु जें कोणाच्याच वांट्याला आलें नाहीं त्याची विचारपूस करण्याचें कर्तव्य मात्र आपलेंच राहील.