टोल घ्या, पत्ता नको!

टोलचा विषय निघाला की मेसमध्ये दोन मिनिटांत दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते, रस्ते आमच्याच टॅक्समधून झाले, परत टोल कसला? दुसरी म्हणते, गुळगुळीत रस्ता हवा तर खिशात हात घालावाच लागणार. मी दुसऱ्या पार्टीतला. मी तर म्हणतो, गर्दीच्या वेळी गर्दीच्या रस्त्यावर गाडी आणणाऱ्याकडून जास्तच घ्यावेत. एकटा माणूस पाच सीटची गाडी घेऊन चौकात अडकतो आणि त्याच्यामागे बसमधली साठ माणसं ताटकळतात. त्यांच्या वेळेची काही किंमत आहे की नाही?

पण या सगळ्या आरडाओरड्यात एक प्रश्न राहूनच जातो. पैसे किती घेणार, हे आपण विचारतो. पैसे घेताना आपली नोंद काय ठेवणार, हे कोणी विचारत नाही.

हाँगकाँगच्या लोकांनी विचारलं होतं, तेही चाळीस वर्षांपूर्वी. १९८३ ते १९८५ या काळात तिथे सुमारे २६०० गाड्यांच्या खाली इलेक्ट्रॉनिक नंबर प्लेट बसवली होती. रस्त्यात तारेची वेटोळी पुरलेली. गाडी त्यावरून गेली की तिचा नंबर कंट्रोल सेंटरला पोचायचा. त्यावरून गाडीवाल्याला महिन्याचं बिल पाठवायचं, अशी योजना. तंत्र म्हणाल तर फर्स्ट क्लास, अचूकता ९९ टक्क्यांच्या वर! तरी योजना बारगळली. कारणं बरीच होती. गाड्यांवरचा कर नुकताच वाढला होता, लोक चिडलेले होते. पण एक ठसठशीत कारण हे, की आपण कुठे, कधी गेलो याची यादी सरकारकडे तयार होणार. १९८४ मध्ये ब्रिटन आणि चीनचा करार झालेला, पुढचं सरकार चीनच्या हाताखालचं असणार हे ठरलेलं. म्हणजे यादी आज एकाच्या कपाटात, उद्या दुसऱ्याच्या.

सिंगापूरने १९९८ मध्ये हेच काम वेगळ्या पद्धतीने केलं. गाडीत एक डबी, डबीत आधीच पैसे भरलेलं कार्ड. कमानीखालून गेलात की कार्डातून पैसे वजा, विषय संपला. कार्डात पैसे नसतील तरच कॅमेरा मागच्या नंबर प्लेटचा फोटो काढणार. बिल घरी पाठवायचंच नाही, म्हणजे प्रत्येकाच्या फेऱ्यांची यादी जपून ठेवायची गरजही नाही. सिंगापूर सरकार काही फार मोकळंढाकळं म्हणून प्रसिद्ध नाही. तरीही डिझाईनच असं, की यादीवाचून काम भागतं. (तिथे २०२३ पासून उपग्रहाशी बोलणारी नवीन युनिट्स बसवायला सुरुवात झाली. तेव्हा जुन्या डबीचं कौतुक जरा जपूनच करायचं.)

यावर आपला एक ठरलेला डायलॉग असतो: ‘तुझ्याकडे लपवण्यासारखं आहेच काय?’ ठीक आहे. बाबांची गाडी घेऊन ‘मित्राकडे अभ्यासाला’ निघालात आणि खालापूरला पैसे कापल्याचा एसएमएस थेट बाबांच्या मोबाईलवर गेला की कळेल. हा विनोद झाला. पण मानसोपचारतज्ज्ञाकडे जाणारा माणूस, युनियनच्या मीटिंगला जाणारा कामगार, पत्रकाराला गुपचूप भेटणारा अधिकारी, यांनी कोणता गुन्हा केलाय? दुसरा डायलॉग गुगल मॅप्सचा. सगळं आधीच गुगलला माहीत आहे म्हणे. असेल. पण मोबाईल रूमवर ठेवून जाता येतं, नंबर प्लेट काढून ठेवता येत नाही.

आणि एकदा नोंद झाली की ती पहिल्या कामापुरती राहत नाही. लंडनमध्ये फेब्रुवारी २००३ मध्ये गर्दीचं शुल्क सुरू झालं, कॅमेरे लागले, ते फक्त शुल्कासाठी. जुलै २००७ मध्ये सरकारने डेटा संरक्षण कायद्यातून सूट देऊन त्याच कॅमेऱ्यांची माहिती पोलिसांना थेट दिली. कारण दहशतवादाचं, आणि ते खोटं नव्हतं. जूनमध्येच शहरात बॉम्ब ठेवलेल्या गाड्या सापडल्या होत्या. कारण दर वेळी खरंच असतं, हीच तर अडचण आहे. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये मैलागणिक शुल्काच्या विरोधात १८ लाखांवर लोकांनी सह्या केल्या. जर्मनीने मात्र ट्रकच्या टोलची माहिती टोलशिवाय कशालाच वापरायची नाही, असं कायद्यातच लिहून टाकलं. खुनाच्या तपासासाठी ती मिळावी, अशी मागणी तिथेही झालीच.

आता आपल्याकडे या. फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा झाला. फास्टॅगला फक्त टोलनाका कळतो, दोन नाक्यांमध्ये तुम्ही कुठे वडापाव खाल्लात ते कळत नाही. उपग्रहावरच्या टोलला पूर्ण रस्ता कळतो. सप्टेंबर २०२४ मध्ये त्याचे नियम आले, पहिले २० किलोमीटर फुकट वगैरे. एप्रिल २०२५ मध्ये मंत्रालयाने सांगितलं, की १ मेपासून देशभर लागू करण्याचा निर्णय झालेला नाही. पेपरात चर्चा झाली ती त्या २० किलोमीटरचीच. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला खरा, पण २०२३ च्या डेटा कायद्यात केंद्राला आपल्या यंत्रणांना सूट देण्याची सोय आहेच.

‘आपण बाईकवाले, आपल्याला कुठे टोल?’ असं म्हणून पान उलटू नका. उद्या हा कोड लिहिणार कोण? आपल्यातलेच कॉम्प आणि ईएनटीसीवाले. आणि तांत्रिकदृष्ट्या यात अशक्य काहीच नाही. दरपत्रक गाडीतल्या युनिटमध्ये उतरवा, हिशेब तिथेच होऊ द्या, सर्व्हरला जाऊ दे फक्त महिन्याची बेरीज. रस्त्यांची यादी मालकाकडेच राहील, बिलावर भांडायचं असेल तर त्याने ती स्वतः उघडावी. फसवाफसवी पकडायला अधूनमधून रस्त्यात तपासणी ठेवा. जर्मनीची पद्धत २००५ मध्ये सुरू झाली तेव्हा ट्रकमधलं युनिटच टोल मोजत होतं. म्हणजे हे वीस वर्षांपूर्वी चालून दाखवलेलं आहे.

फायनल इयरला ‘जीपीएसवर आधारित टोल’ हा प्रोजेक्ट कुणी ना कुणी घेतंच. ब्लॉक डायग्राममध्ये शेवटी एक चौकोन असतो, त्यावर ‘सर्व्हर’ लिहिलेलं असतं. व्हायवाला एक्स्टर्नल मायक्रोकंट्रोलरचा पिन नंबर विचारतात. यंदा त्यांनी त्या चौकोनावर बोट ठेवावं आणि विचारावं: यात काय साठवता, किती दिवस, आणि किल्ली कोणाकडे?