पंप पाठीला लावण्याआधी पान उलटून बघा

कपाशीवर चार मावा दिसले की आपण दुकान गाठतो. दुकानदार दोन बाटल्या हातात ठेवतो, ‘एकाच फवाऱ्यात काम होईल’ म्हणतो. माझी विनवणी एवढीच, की तो पहिला फवारा जरा लांबवा. मदतीसाठी तुमच्याआधी पिकानंच हाक मारलेली असते.

1990 साली अमेरिकेत टर्लिंग्ज, टमलिन्सन आणि लुईस या शास्त्रज्ञांनी मक्याच्या रोपांवर लष्करी अळीच्याच भावकीतल्या अळ्या सोडल्या. काही तासांत रोपांचा वास बदलला आणि अळीच्या अंगात अंडी घालणारी बारीक गांधीलमाशी त्या वासाच्या रोखानं उडू लागली. नुसतं ब्लेडनं पान ओरखडलं तर तो वास फारसा सुटत नसे. ओरखड्यावर अळीची लाळ लावली की सुटे. कपाशीची तऱ्हा आणखी न्यारी. जवळच्या नात्यातल्या दोन बोंडअळ्यांपैकी पान कोण खातंय, त्यावर तिचा वास ठरतो आणि त्यातल्या एकाच अळीवर वाढणारी माशी अचूक त्याच झाडाकडे जाते. सोयाबीनवर मावा बसला की झाड जे द्रव्य हवेत सोडतं, त्यानं सात ठिपक्यांचा ढालकिडा खेचला जातो.

पण हाकेला ओ द्यायला कुणी जिवंत तर हवं! जहाल औषधानं मावा मरतो, तसे हे मित्रकिडेही मरतात. मावा अंड्यांविनाच भराभर पिलं घालून पुन्हा माजतो. ढालकिड्याला परतायला वेळ लागतो. मग दुसरी फवारणी, तिसरी फवारणी, आणि दुकानदाराची उधारी.

म्हणून पान उलटा. केसासारख्या दांडीच्या टोकाला पांढुरकं अंडं दिसलं तर ते क्रायसोपा या मित्रकिड्याचं. मावा फुगून तपकिरी, कडक झाला असेल, पाठीला गोल भोक असेल, तर आतून माशी बाहेर पडून गेली. नारिंगी ठिपक्यांची काळी, काटेरी अळी दिसली की आपण हमखास घाबरतो. ती ढालकिड्याचं पिल्लू असते, मारू नका.

मक्याच्या पोंग्यात लष्करी अळी शिरली असेल तर मात्र हात बांधून बसू नका. कपाशीत मावा पानामागे 10 च्या वर गेला आणि मित्रकिडे दिसत नसले, तरच फवारा. तोही आधी 5 टक्के निंबोळी अर्काचा. बांधाला चवळी, झेंडू लावा आणि त्या ओळींवर पंप अजिबात चालवू नका.