सातपुड्याची माती आणि शहाद्याची ट्यूबवेल

मंडळी, पोस्ट थोडी लांब आहे, पण विषय आपल्या पायाखालचा आहे.

मागच्या आठवड्यात धडगावकडे जाणं झालं. तिथल्या एका उतारावरच्या शेतात टिकाव मारला, तर वीतभर मातीखाली लगेच मुरूम. इकडे शहाद्यात आम्ही पाइपलाइनसाठी कमरेएवढी चारी खोदली तरी काळी माती संपत नाही. जिल्हा एकच, नंदुरबार!

पण खालची ही माती आली कुठून? सातपुड्याचा काळा खडक हजारो वर्षं झिजला, त्याचा गाळ तापीच्या खोऱ्यात साचत गेला. आपली केळी, पपई, ऊस त्याच्यावरच उभे आहेत.

पाण्याचंही तेच. डोंगराच्या पायथ्याशी दगडगोटे आणि वाळूचा पट्टा आहे, भूगर्भशास्त्रवाले त्याला बझाडा म्हणतात. डोंगरावरून उतरणारं पाणी तिथं मुरतं आणि खाली आपल्या ट्यूबवेलना मिळतं. पण वरचा उतार उघडा पडला की पाणी मुरायला थांबतच नाही. माती घेऊन पळतं. दक्षिण उताराचं गोमाईतून तापीला, उत्तर उताराचं नर्मदेला.

काही जण म्हणतात, "पहाडातल्यांनी झाडं तोडली, भोगू द्या." अहो, ज्याच्या वाट्याला वीतभर माती आली त्याला बोल लावणं सोपं आहे. दिवाळीनंतर तीच कुटुंबं ऊसतोडीला गुजरातला जातात. शेतात मातीच उरली नाही तर माणूस गावात कसा थांबेल?

'माथा ते पायथा' हे शब्द पाणलोटाच्या प्रत्येक आराखड्यात असतात. प्रत्यक्षात जेसीबी दिसतो तो पायथ्याशी, नाला खोल करताना. जिथं रस्ता तिथंच मशीन! वरचं काम हाताचं आहे. समतल चर, दगडी बांध, बांधावर गवत. दगड शेतातच पडलेत, मजूर गावातच आहेत. रोजगार हमीचा कायदा आपल्या राज्याने १९७७ सालीच केला, तो अशाच कामांसाठी वापरायचा नाही तर कशासाठी?

माझं म्हणणं एवढंच. मृदसंधारणाचा पहिला रुपया वरच्या उतारावर खर्च व्हावा, नाला खोलीकरण नंतर. आणि ही मागणी धडगाव-अक्कलकुव्याने एकट्याने करायची नाही. शहादा-तळोद्याच्या बागायतदारांनी पुढं व्हायला पाहिजे. यात उपकार कसले? आपली ट्यूबवेल वाचवायची आहे.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर खाली बिनधास्त लिहा, बोलू.