सत्कार झाला, सही कोण करणार?

बडोद्याच्या आम्हा मराठी लोकांचं एक आवडतं वाक्य आहे, "बाबासाहेबांना परदेशी आमच्या महाराजांनी पाठवलं." खोटं नाही ते. १९१३ साली सयाजीराव महाराजांच्या संस्थानाने त्यांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली, तीन वर्षांसाठी. बदल्यात परत येऊन दहा वर्षं संस्थानची नोकरी करायचा करार. बाबासाहेब न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. इथपर्यंतची गोष्ट आपण छाती पुढे काढून सांगतो.

पुढची सांगत नाही. १९१७ ला करार पाळायला ते बडोद्यात आले तेव्हा त्यांना राहायला कोणी खोली दिली नाही. पारशांच्या धर्मशाळेत पारशी नाव लावून राहावं लागलं. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या माणसांनी तिथूनही हाकललं. दोन मित्रांनी घरात घ्यायला नकार दिला. मुंबईच्या गाडीला वेळ होता, ते पाच तास त्यांनी आपल्या कमाटीबागेत काढले. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. महाराजांनी पैसा दिला, गावाने खोली दिली नाही.

ते जातीचं क्रौर्य होतं, त्याची बरोबरी मी कशाशीच करत नाही. पण गेल्या वर्षीच्या एका प्रसंगात हा दुसरा भाग फार आठवला.

आमच्या गल्लीतल्या रिक्षावाल्याच्या मुलाला जर्मनीत एम.एस.ला प्रवेश मिळाला. तिथे बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नसते, म्हणून लोकांना वाटतं फुकटच आहे. पण व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाचे जवळजवळ बारा हजार युरो आधी खात्यात दाखवावे लागतात. पोराने एका ट्रस्टची कर्ज-शिष्यवृत्ती मिळवली. ट्रस्टला जामीन हवा होता.

तोवर मंडळाच्या हॉलमध्ये सत्कार उरकला होता. शाल, श्रीफळ, पाचशे एक रुपयांचं पाकीट, वर फोटो. मग त्याचे वडील फॉर्म घेऊन त्याच फोटोतल्या चार घरी गेले. कोणी रिटायर झालं होतं, कोणी मुलाला विचारून सांगणार होतं. माझ्याकडे आले तेव्हा मीही "बघू" म्हणालो. दोन दिवस बघतच होतो. शेवटी आमची सौ. म्हणाली, "तुम्ही विचार करत बसा. पेन्शन मलाही आहे, माझं पॅन कार्ड काढा." सही तिची आहे.

आपल्या मुलांची आणखी एक अडचण आहे. महाराष्ट्रात राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने परदेश शिष्यवृत्ती आहे, अनुसूचित जातींच्या मुलांसाठी. पण विद्यार्थी महाराष्ट्राचा रहिवासी हवा. बडोद्यात चार पिढ्या मराठी बोलून तिथे काही उपयोग नाही. गुजरात सरकारची योजना आहे, व्याज कमी, पण शेवटी कर्जच. म्हणजे जामिनाचा प्रश्न फिरून आपल्याच दारात येतो.

आणि हे सगळं सांगायचं कधी? मोठ्या शिष्यवृत्त्यांचे अर्ज बहुतेक वेळा वर्षभर आधीच भरावे लागतात. ब्रिटनच्या चेव्हनिंगला आधी दोन वर्षांचा नोकरीचा अनुभव लागतो आणि शिकून झाल्यावर दोन वर्षं मायदेशी परतावं लागतं. अशा अटी मुलांना निकालाच्या पेढ्यांबरोबर कळून काय फायदा? बारावीनंतर सीए की इंजिनिअर यावर तासन्‌तास बोलणारे आपण, करारपत्र मात्र कोणी वाचत नाही.

माझं म्हणणं एवढंच, मंडळाने सत्काराचे पैसे वाचवावेत आणि जामीन राहायला तयार असलेल्यांची एक यादी करावी. धोका आहे, मान्य. पोरगं पैसे बुडवू शकतं. म्हणूनच दोघा-तिघांनी मिळून एकेकाची जबाबदारी घ्यावी.

येत्या रविवारच्या बैठकीत मी हा विषय काढणार आहे. यादीत पहिलं नाव सौ.चं, दुसरं माझं. तिसरं कोणाचं लिहू, ते खाली कळवा.