समजुतींची खतावणी



व्यापारी माणूस वर्षातून एकदा तरी दुकानातील मालाची मोजदाद करतो. कोणता माल खपला, कोणता पडून राहिला आणि कोणत्या पोत्याला कीड लागली, हे त्याला तेव्हा कळते. पैशाविषयी आपल्या मनात असलेल्या समजुतींची अशी मोजदाद मात्र आपण सहसा करीत नाही. वास्तविक कमाई, खर्च, बचत आणि कर्ज या चारही बाबतींत निर्णय घेताना या समजुतीच पडद्याआडून सूत्रे हलवीत असतात. बँकेच्या नोकरीत एकाच बाजारपेठेत, सारख्याच भांडवलावर, शेजारी-शेजारी दुकान मांडलेली दोन घरे मी अनेकदा पाहिली. कष्ट आणि हुशारी दोन्हीकडे सारखी असे. पंचवीस वर्षांनंतर मात्र एक घर निश्चिंत आणि दुसरे चिंतेत असे. पैशाकडे पाहण्याची दृष्टी वेगळी, म्हणून फळही वेगळे.

ब्रॅड क्लॉन्ट्झ या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये या विषयावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी पैशाविषयीच्या समजुतींचे चार गट पाडले. पैसा वाईट म्हणून त्यापासून दूर राहणारे, पैशाने सर्व प्रश्न सुटतात असे मानणारे, पैशावरून माणसाची किंमत ठरविणारे आणि पैशाबाबत सावध राहणारे, असे ते चार गट. समजुतींचा संबंध माणसाच्या उत्पन्नाशी आणि मालमत्तेशी असतो, असे त्यांना आढळले. अभ्यास परदेशातील असला, तरी ही चारही प्रकारची माणसे आपल्या नात्यागोत्यात सहज सापडतील.

एक गोष्ट प्रथमच सांगितली पाहिजे. जुनी समजूत म्हणजे अडाणीपणा, असे मानू नये. बहुतेक समजुती कोणाच्या तरी खऱ्या अनुभवातून जन्मलेल्या असतात. आपले आजोबा बँकेपेक्षा सोन्यावर अधिक विश्वास ठेवीत, त्याला कारण होते. १९६० मध्ये केरळातील पलई सेंट्रल बँक बुडाली, तेव्हा ठेवीदाराला कोणतेही विमासंरक्षण नव्हते. ते १९६२ मध्ये आले आणि तेही प्रत्येक ठेवीदारामागे अवघ्या १,५०० रुपयांचे. आज ही मर्यादा एका बँकेतील एका ठेवीदारास व्याजासह ५ लाख रुपये आहे. ४ फेब्रुवारी २०२० पासून ती लागू झाली. म्हणजे परिस्थिती बदलली, नियम बदलले. समजूत मात्र वारशाने जशीच्या तशी पुढच्या पिढीकडे आली. उलट, ‘बँकेत ठेवले म्हणजे सगळेच सुरक्षित’ ही आजची समजूतही अपुरीच आहे. एकाच बँकेत २० लाखांची ठेव असेल, तर विम्याचे संरक्षण ५ लाखांनाच मिळते, हे किती जणांच्या लक्षात असते?

सोन्याचेच उदाहरण पुढे नेऊ. सोन्याने आपल्याला अडचणीच्या काळात साथ दिली आहे, यात शंका नाही. पण ‘घरातले सोने बाहेर काढणे म्हणजे घर बुडाल्याचे लक्षण’ ही समजूत किती महाग पडते, ते पाहा. हंगामात माल भरण्यासाठी ५ लाख रुपये कमी पडतात. सोने लॉकरमध्ये असते, तरी व्यापारी शेकडा दोन रुपये महिना या दराने बाजारातून रक्कम उचलतो. वर्षाचे व्याज होते १,२०,००० रुपये. हेच कर्ज बँकेकडून सोने तारण ठेवून वार्षिक १० टक्क्यांनी मिळाले, असे धरले तर व्याज होते ५०,००० रुपये. फरक ७०,००० रुपयांचा. ही रक्कम केवळ लोकलज्जेपोटी दिलेली असते आणि कोणत्याही खात्यावर ती त्या नावाने लिहिली जात नाही.

दुसरी समजूत आपल्या व्यापारी घरांत विशेष खोलवर रुजलेली आहे: ‘पैसा धंद्यातच वाढतो, तो बाहेर काढू नये.’ धंद्यावरची ही निष्ठा कौतुकास्पद आहे. परंतु एकल मालकीच्या अथवा भागीदारीच्या पेढीत मालकाची जबाबदारी अमर्याद असते. पेढीचे देणे फिटले नाही, तर घर, ठेवी, दागिने यांपर्यंत ते पोहोचू शकते. म्हणून घराचा पैसा आणि पेढीचा पैसा यांच्यामध्ये एक भिंत असावी लागते. ती उभारण्याचे एक जुने व उत्तम साधन आपल्या कायद्यात आहे, पण त्याचा वापर फार थोडे लोक करतात. विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेविषयीच्या १८७४ च्या कायद्यातील सहाव्या कलमानुसार पतीने स्वतःच्या आयुष्यावर पत्नीच्या किंवा मुलांच्या हितासाठी विमा घेतला, तर त्या रकमेवर पतीच्या धनकोंचा हक्क पोहोचत नाही. अट एवढीच, की हेतू धनकोंना फसविण्याचा नसावा. ही नोंद विमा घेतानाच करावी लागते.

मी एका बाजारपेठेच्या गावी शाखाधिकारी असताना तेथील एक भुसार व्यापारी अचानक निवर्तले. पेढी तीन भावांची. बाराव्या-तेराव्या दिवसानंतर त्यांच्या पत्नी दिराला सोबत घेऊन शाखेत आल्या. हातात एक लहान किल्ली होती. ती आमच्या लॉकरची की दुसऱ्या एखाद्या बँकेच्या, एवढेही त्यांना ठाऊक नव्हते. थोडा वेळ गप्प बसून त्यांनी विचारले, “साहेब, आमचं राहतं घर गहाण आहे का हो?” घर पेढीच्या कॅश क्रेडिटसाठी तारण होते आणि जामीनदार म्हणून त्यांचीच सही कागदावर होती. पतीने सांगितले तेथे त्यांनी सही केली होती. कशासाठी, हे त्यांनी विचारले नव्हते आणि कोणी सांगितलेही नव्हते. दीर सज्जन होते. त्यांनी गोदामातील माल विकून आणि उधारी गोळा करून सुमारे अडीच वर्षांत घर सोडविले. पण त्या अडीच वर्षांत त्या बाईंच्या मनावरचे ओझे कोणत्या वहीत लिहावयाचे?

या घटनेच्या मुळाशी दोन समजुती होत्या. ‘बायका-मुलांना पैशाच्या काळजीत पाडू नये’ ही पहिली. तिच्यामागे प्रेम असते, यात संशय नाही. परंतु ज्या काळजीपासून आपण घरच्यांना वाचवू पाहतो, तीच काळजी आपल्या पश्चात अनेक पटींनी त्यांच्या पदरात पडते. ‘मरणाच्या गोष्टी घरात बोलणे अशुभ’ ही दुसरी. तिच्यामुळे मृत्युपत्र राहून जाते, भागीदारीपत्रात भागीदाराच्या मृत्यूनंतरची तरतूद राहून जाते. १९३२ च्या भागीदारी कायद्यानुसार तसा करार नसेल, तर एका भागीदाराच्या मृत्यूने पेढीच विसर्जित होते.

‘नॉमिनी लावला आहे, आता मृत्युपत्र कशाला?’ असाही प्रश्न वाचक विचारतात. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेतील ठेवींसाठी चार जणांपर्यंत नामनिर्देशन करता येते, ही सोय चांगलीच आहे. तथापि नामनिर्देशित व्यक्ती बँकेकडून रक्कम स्वीकारते. मालकी वारसाहक्काने किंवा मृत्युपत्राने ठरते. शेअर्सच्या बाबतीतही नामनिर्देशनामुळे वारसांचा हक्क संपत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. सख्ख्या भावंडांत यावरून दुरावा आलेला मी पाहिला आहे.

आता एक नाजूक विषय. ‘लग्नकार्य आपल्या घराण्याला शोभेल असेच झाले पाहिजे.’ शोभा किती खर्चात येते, हे मात्र आपण ठरवीत नाही. मागच्या महिन्यात झालेले दुसऱ्या घरचे लग्न ते ठरविते. आनंदासाठी खर्च अवश्य करावा. पण ज्या कार्यासाठी पेढीचे खेळते भांडवल मोडावे लागते, त्याची परतफेड पुढची दोन-तीन वर्षे उधारीवर माल उचलून आणि रोखीची सवलत गमावून करावी लागते. पाहुण्यांना हे कळत नाही. दुकानात बसणाऱ्या मुलाला कळते.

‘तेजी अशीच राहणार’ ही समजूत तर मोठमोठ्यांनाही चकविते. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात मुंबईच्या कापसाला अपूर्व भाव आला आणि त्या पैशावर शेअरबाजारात वेडी तेजी उसळली. जैन समाजातील प्रेमचंद रायचंद हे त्या तेजीचे अनभिषिक्त राजे होते. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले आणि त्यांच्यासह असंख्य धनिकांची संपत्ती वितळून गेली. परंतु तेजीच्या काळातच त्यांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालय आणि मनोरा यांसाठी ४ लाख रुपये दिले होते. मातोश्रींच्या नावाचा तो राजाबाई टॉवर आजही उभा आहे. कागदावर वाढलेला पैसा गेला, हातून दिलेला राहिला.

येथे आपल्या परंपरेतील परिग्रह-परिमाण व्रताची आठवण होणे स्वाभाविक आहे. जमीन, घर, सोने, चांदी, धन, धान्य यांची मर्यादा गृहस्थाने स्वतःच ठरवावी, असे ते व्रत सांगते. त्याच्या धार्मिक अर्थाचे विवेचन करण्याचा अधिकार माझा नाही. व्यवहाराच्या बाजूने मात्र एवढे निश्चित म्हणता येईल, की मर्यादा ठरविण्यासाठी आधी आपल्यापाशी काय आहे ते मोजावे लागते आणि आपल्याला किती पुरेसे आहे याचा विचार करावा लागतो. ज्याने ‘पुरेसे’ किती ते ठरविले, त्याला अवाजवी व्याजाचे आमिष दाखवून फसविणे कठीण जाते.

मग समजुतींची मोजदाद कशी करावी? येत्या वहीपूजनाच्या दिवशी घरातील कर्त्या स्त्री-पुरुषांनी तासभर एकत्र बसावे. पैशाविषयी घरात नेहमी बोलली जाणारी पाच वाक्ये कागदावर लिहावीत आणि प्रत्येक वाक्यापुढे तीन प्रश्न विचारावेत. हे वाक्य कोणाच्या अनुभवातून आले? ती परिस्थिती आज आहे का? गेल्या पाच वर्षांत या वाक्याने आपला लाभ झाला की तोटा, आणि किती रुपयांचा? जे वाक्य या तपासणीत टिकेल ते आनंदाने जपावे. ‘हिशेब चोख ठेवावा’, ‘दिलेला शब्द पाळावा’ ही आपल्या पूर्वजांची वाक्ये आजही टिकतील, याची मला खात्री आहे. जे टिकणार नाही, त्याला आदराने निरोप द्यावा.

त्याच बैठकीत खाती, लॉकर, विमे, कर्जे, जामीनकी आणि दिलेली-घेतलेली उधारी यांची एक यादी करावी आणि ती कोठे ठेवली आहे, हे घरातील किमान दोन व्यक्तींना सांगावे. त्यांपैकी एक व्यक्ती घरातील स्त्री असावी, असा माझा आग्रह आहे.