क्लाऊडवरचा हिशेब आणि भरलेली डिस्क

इतवारी-गांधीबागेतील कापड दुकानदार असो की मोमिनपुऱ्यातील कारागीर, बिले, नमुन्यांचे फोटो आणि जीएसटीचे कागद आज संगणकातून क्लाऊडवर जातात. तरीही डिस्क भरते. ‘सगळे वर ठेवले, मग इथली जागा कोणी खाल्ली?’ असे मालक विचारतो. मग कोणी नवी डिस्क आणतो, कोणी जुन्या फायली पुसून टाकतो. यातला दुसरा उपाय फार महागात पडू शकतो.

क्लाऊडला आपण गोदाम समजतो, ही मूळ चूक आहे. हे सॉफ्टवेअर दोन वह्या जुळवणाऱ्या मुनीमासारखे आहे. एक वही आपल्या संगणकात, दुसरी कंपनीकडे. एकीत नोंद केली की दुसरीत उतरते. एकीतले पान फाडले की दुसरीतलेही फाटते.

जागा वाचवण्याची सोय सॉफ्टवेअरमध्येच आहे. गुगल ड्राइव्हमध्ये ‘मिरर’ निवडल्यास सर्व फायली डिस्कवरही राहतात. ‘स्ट्रीम’ निवडल्यास त्या वर राहतात आणि वापरातल्या फायलींपुरतीच जागा लागते. वनड्राइव्हमध्ये फाईलवर माऊसचे उजवे बटण दाबून ‘फ्री अप स्पेस’ निवडावे. निळा ढग दिसला की फाईल फक्त वर आहे. तिचे नाव दिसते, पण इंटरनेट नसेल तर ती उघडत नाही. म्हणून रोज लागणारे कागद डिस्कवरच ठेवावेत. फोल्डरच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘साइज ऑन डिस्क’ हा आकडा पाहिला की खरी व्यापलेली जागा कळते.

‘डिलीट’ मात्र वेगळे. ते केले की कागद वरूनही जातो. गुगल ड्राइव्हच्या कचरापेटीत तो ३० दिवस राहतो, नंतर कायमचा नष्ट होतो. जीएसटी कायद्याप्रमाणे त्या वर्षाचे वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने हिशेब जपावा लागतो. कुठे ३० दिवस, कुठे ७२ महिने!

आमचे मत स्पष्ट आहे. वह्या जुळवणे म्हणजे वह्या जपणे नव्हे. व्यापारी व कारागीर बांधवांनी दर मार्चअखेर वर्षाचे सारे कागद वेगळ्या डिस्कवर उतरवावेत. ती डिस्क संगणकापासून काढून दुकानात नव्हे, घरी ठेवावी. आणि हे काम पोरावर किंवा ऑपरेटरवर सोडून मोकळे होऊ नये. गल्ल्याची किल्ली आपण दुसऱ्याकडे देत नाही. हिशेबाची तरी का द्यावी?