‘वन पंच मॅन’चा तिसरा सीझन इतका का फसला? आणि शिव्या भलत्यालाच का पडल्या?

एक माणूस डोंगराच्या उतारावरून खाली येतोय. पाय हलत नाहीत, कपडे हलत नाहीत, अख्खं चित्रच कुणीतरी बोटाने सरकवल्यासारखं खाली घसरतं. राजूर घाट उतरणाऱ्या बुलढाणेकरालाही याहून जास्त हालचाल करावी लागते! ‘वन पंच मॅन’च्या तिसऱ्या सीझनमधल्या गारोची ही काही सेकंदांची क्लिप जगभर मीम झाली. रील्सना जिल्ह्याची हद्द नसते. त्यामुळे घाटावरच्या देऊळघाटात अ‍ॅनिमे पाहणाऱ्या पोराच्या फीडमध्ये तीच क्लिप आणि टोकियोतल्या पोराच्या फीडमध्येही तीच.

राग समजण्यासारखा आहे. २०१५ च्या पहिल्या सीझनमधल्या मारामाऱ्या आजही उदाहरण म्हणून दाखवल्या जातात. दुसरा २०१९ मध्ये आला आणि थोडा उतरला. तिसरा सुरू झाला १२ ऑक्टोबर २०२५ ला. सहा वर्षं वाट पाहिल्यावर पडद्यावर आलं काय, तर बरीचशी थांबलेली चित्रं. सहाव्या भागाचं आयएमडीबी रेटिंग तर २ च्याही खाली गेलं.

त्यातही हा भाग गारोचा. बँग या म्हाताऱ्या वस्तादाचा हा बंडखोर चेला, म्हणजे मालिकेतला खरा मार्शल आर्ट्सवाला. साईतामा एका ठोशात विषय संपवतो, तिथे विनोदावर निभावतं. गारोचं तसं नाही. कुस्तीत पकड, झटका आणि पाठ टेकणं हे सलग दिसलं तरच डाव कळतो. मधला झटका गाळला तर उरतात दोन फोटो. तिसऱ्या सीझनमध्ये नेमका हा झटकाच गाळलेला आहे.

मग चूक कुणाची? सोशल मीडियावर उत्तर ठरलेलं असतं: पहिला सीझन ‘मॅडहाऊस’ने केला म्हणून भारी, पुढचे ‘जे. सी. स्टाफ’ने केले म्हणून फालतू. हे अर्धंच खरं आहे. पहिल्या सीझनचे दिग्दर्शक शिंगो नात्सुमे यांनी आपल्या ओळखीतले उत्तमोत्तम फ्रीलान्स अ‍ॅनिमेटर गोळा केले होते. त्यातले बरेच जण मॅडहाऊसचे पगारी कर्मचारी नव्हतेच. म्हणजे नुसती स्टुडिओची पाटी बदलून ती जादू परत आली असती असं नाही.

पैसा आणि तारीख कोण ठरवतं, हे त्याहून महत्त्वाचं. जपानमध्ये बहुतेक अ‍ॅनिमे ‘प्रॉडक्शन कमिटी’ काढते. प्रकाशक, टीव्ही वाहिनी, संगीत आणि खेळण्यांच्या कंपन्या मिळून पैसे घालतात आणि हक्क बहुतेक त्यांच्याकडेच राहतात. स्टुडिओला बहुतेक वेळा ठरलेली रक्कम मिळते. मालिका गाजली तरी मोठा वाटा वर जातो, म्हणून स्टुडिओ एकाच वेळी अनेक कामं अंगावर घेतात. एका भागाला साधारण ३ ते ५ हजार चित्रं लागतात. टीव्हीचा स्लॉट आधीच बुक असतो. चित्रं कमी पडली तर तारीख क्वचितच हलते. मग आहे ते चित्र सरकवा, कॅमेरा हलवा, चेहऱ्यावर थांबा.

युसुके मुराता यांच्या मांगातली रेघन् रेघ भरलेली चित्रं हलवायला सर्वांत अवघड, हेही विसरून चालत नाही.

संताप मात्र कमिटीवर निघाला नाही. तिथे शिवी घालायला चेहराच नसतो. तो निघाला दिग्दर्शक शिनपेई नागाई यांच्यावर. त्यांना इतका त्रास दिला गेला की त्यांनी एक्सवरचं खातंच बंद केलं. ज्याच्या हातात ना बजेट ना वेळापत्रक, त्यालाच हजारो लोकांनी धारेवर धरलं. यात इंग्रजीत शिव्या लिहिणारेही कमी नव्हते, आणि त्यांना जपानी स्टुडिओ कसा चालतो याची फारशी कल्पना असण्याचं कारण नव्हतं.

असं आधीही झालंय. २०१५ मध्ये ‘ड्रॅगन बॉल सुपर’च्या पाचव्या भागातल्या वाकड्यातिकड्या चेहऱ्यांची अशीच टर उडाली होती. पुढे ब्लू-रे काढताना त्यातली दृश्यं सुधारून घेतली गेली. म्हणजे काम जमत नव्हतं असं नाही, वेळ नव्हता. पण सुधारलेली चित्रं पहिल्यांदा मिळाली ती महागडी डिस्क विकत घेणाऱ्याला. भाग आला त्याच रात्री मोबाईलवर पाहणाऱ्याच्या वाट्याला घाईत उरकलेलीच आली.